घोकंपट्टीचा कंटाळा : भाषेची उजळणी टिकवायची कशी?

अनुस्वार (धागाकर्ता)

परकी भाषा शिकताना पहिला महिना मजेत जातो. नवी लिपी, नवे उच्चार, चार वाक्यं बोलता येऊ लागल्याचं अप्रूप. मग उरते ती उजळणी. तेच शब्द, क्रियापदांची तीच रूपं, ऐकायला तेच उतारे. बहुतेकांची भाषा इथेच सुटते आणि खापर फुटतं इच्छाशक्तीवर.

माझ्या मते 'कंटाळा' या एका नावाखाली आपण निदान चार निरनिराळ्या तक्रारी कोंबतो. रोजचा ढीग आवाक्याबाहेर गेलेला असतो. किंवा ढीग बेताचा असतो, पण प्रश्नच असे बांधलेले असतात की दरवेळी डोकं आपटावं. किंवा उलट, सगळं इतकं येत असतं की हात चालतो आणि डोकं दुसरीकडे. चौथी तक्रार जरा अवघड : सगळं नीट चाललंय, पण आपण पुढे सरकतोय हे कुठे दिसतच नाही.

प्रत्येकीचा इलाज वेगळा. ज्याच्यापुढे ४०० कार्डं (समोर प्रश्न, मागे उत्तर) उजळणीविना थकली आहेत त्याला 'ध्येय डोळ्यांसमोर ठेवा' सांगून काय होणार? त्याला नवीन शब्द बंद करायला सांगायला हवं.

निदानासाठी आठवडाभर रोज तीन आकडे लिहा : किती प्रश्न सोडवले, किती मिनिटं लागली, किती चुकले. मग असं बघा :

– एका प्रश्नाला सरासरी १० सेकंदांहून जास्त लागत असतील तर प्रश्न वाईट बांधलेत.
– शंभरात २०-२५ चुकत असतील तर नवीन भर फार आहे, किंवा एकमेकांत मिसळणारे शब्द एकाच वेळी घेतलेत.
– शंभरात दोन-तीनच चुकत असतील आणि जांभया येत असतील तर उजळणी गरजेपेक्षा लवकर होतेय.
– आकडे ठीक आहेत, पण बसवत नाही, तर ती चौथी तक्रार.

एक विनंती. 'मी अमुक भाषा कशी शिकलो' या कहाण्यांचे धागे पुष्कळ झाले. इथे कृती, आकडे आणि काय बिघडतं, का बिघडतं एवढंच लिहूया.

---

शब्दवेधी

ढिगाचा हिशेब आधी मांडतो, कारण निम्मे लोक तिथेच बुडतात.

अंतर वाढवत नेणाऱ्या उजळणीत (अँकी किंवा तत्सम ॲप) रोज जितके नवीन शब्द घ्याल त्याच्या साधारण ७ ते १० पट उजळणी काही आठवड्यांत रोज समोर येते. अँकीत आपण काही बदललं नाही तर रोज २० नवीन कार्डं येतात. म्हणजे १४० ते २०० उजळण्या. कार्डामागे ८ सेकंद धरले तर १६० कार्डांना २१ मिनिटं. नवीन कार्ड पहिल्या दिवशी तीन-चारदा फिरून येतं, त्याला मिनिटभर धरा, ती आणखी २० मिनिटं. रोजची ४० मिनिटं झाली, आणि यात वाचन नाही, ऐकणं नाही, बोलणं तर नाहीच.

गंमत अशी की पहिल्या आठवड्यात हे जाणवत नाही. नवीन २०, जुनी ३०, वीस-पंचवीस मिनिटांत मोकळं. माणूस म्हणतो, अरे हे तर सोपं आहे, आणि २० चे ३० करतो. कर्ज आज घेतलेलं असतं, हप्ते तीन आठवड्यांनी सुरू होतात.

म्हणून उलटा हिशेब करा. वाईटातल्या वाईट दिवशी किती मिनिटं नक्की देता येतील? समजा १५. त्यातली १० जुन्या उजळणीला, म्हणजे ७५ कार्डं. त्याला १० ने भागा : रोज ७ नवीन. दिसायला किरकोळ, पण वर्षाला अडीच हजार होतात. आकडा वाढवायचा असेल तर तीन आठवडे थांबा आणि एका वेळी दोनानेच वाढवा.

---

रटाळपंत

रोज ७ नवीन शब्द म्हटलं की लोकांना कमीपणा वाटतो. रोज ३० घेऊन दीड महिन्यात सगळं बंद पाडण्यात मात्र कमीपणा नाही.

---

निमिष

शब्दवेधींशी सहमत. चुकांबद्दल थोडं लिहितो, कारण मन खचतं ते तिथे.

चुकणं हा बिघाड नाही, ती रचना आहे. अँकीतली एफएसआरएस ही नवी पद्धत (२०२३ पासून ॲपमध्येच आहे) मुळातच ९०% आठवावं अशा बेताने कार्ड पुढे आणते. म्हणजे १०० कार्डांत १० चुकणार हे ठरवूनच दिलेलं आहे. ज्याला शंभरपैकी शंभर हवेत तो मनातल्या मनात रोज नापास होतो. हे प्रमाण सेटिंगमध्ये बदलता येतं. ९५% केलंत तर अंतरं आखडतात आणि रोजचं काम चांगलंच वाढतं. ८५% केलंत तर काम हलकं होतं आणि थोडं जास्त विसरलं जातं. जे शब्द पुढे वाचनात आपसूक भेटणार आहेत त्यांना ८५ पुष्कळ झालं. आठवड्यावर परीक्षा असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी चूक बटणांची (उत्तर बघून किती आठवलं ते आपणच बटण दाबून सांगायचं असतं). 'अवघड' हे बटण आठवलं पण कष्टाने आठवलं यासाठी आहे. विसरल्यावर ते दाबलं की ॲप समजतं तुम्हाला आलं, आणि कार्ड आणखी लांब ढकलतं. ते पुन्हा येतं तेव्हा साफ पुसलेलं असतं. विसरलं की 'पुन्हा' दाबा, त्यात लाज कसली? शंका असेल तर दोनच बटणं वापरा : 'पुन्हा' आणि 'ठीक'.

जुन्या पद्धतीवर (एसएम-२ वरून बेतलेली) असाल तर तिचा एक दोष माहीत हवा. तिथे प्रत्येक कार्डाचा गुणक (मागचं अंतर किती पटीने वाढवायचं तो आकडा) २५०% पासून सुरू होतो : आज १ दिवस, मग साधारण ३, ८, २०, ५० दिवस. प्रत्येक 'पुन्हा'ला गुणक २० ने उतरतो, तळ १३०. सहा वेळा चुकलं की तळ गाठला. मग १० दिवसांचं अंतर वाढून १३ च होतं आणि ते कार्ड जन्मभर पाठ सोडत नाही. 'तेच तेच शब्द येतात हो' अशी तक्रार असते तेव्हा बहुधा हे कारण असतं. एफएसआरएसवर गेलात की हा प्रश्न मिटतो.

---

घोकंबहाद्दर

पाठांतर चालू असताना चुकायचं नाही असंच आपल्याला शाळेत शिकवलंय. ते ९०% मान्य करायलाच वेळ जातो.

आणि आठवेना तर किती वेळ डोकं खाजवायचं?

---

निमिष

@घोकंबहाद्दर, १० सेकंद, फार तर १५. त्यात आलं नाही तर उत्तर बघा. त्यापुढे ताणून एखाद वेळी आठवतंही, पण ६० कार्डांत दहा ठिकाणी असं ताणलं की बैठक दुप्पट लांबते आणि उद्या बसायची इच्छा संपते. बोलताना समोरचा माणूस तीन सेकंदही थांबत नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटाने आठवलेला शब्द तसाही कामाचा नाही.

---

मात्रावेलांटी

प्रश्नांच्या बांधणीवर लिहिते. मूळ दुखणं पुष्कळदा इथे असतं.

जर्मनचं उदाहरण. वाईट कार्ड असं असतं : समोर 'देणे', मागे चार क्रियापदं, त्यांचे भूतकाळ आणि एक टीप. यात 'आलं' म्हणजे नक्की काय? चारातली तीन आठवली तर कोणतं बटण दाबायचं? डोकं दरवेळी उत्तर आठवण्याआधी निवाडा करत बसतं, आणि थकवा येतो तो निवाड्याचा.

त्याऐवजी : 'इश गेबे ___ किंट आइन बूख.' (मी मुलाला पुस्तक देतो.) उत्तर : 'डेम'. एक गाळलेली जागा, एक उत्तर, चार सेकंद. त्याच वाक्यातून 'गेबे'साठी दुसरं कार्ड करा, हवं तर. पण एका कार्डात दोन गोष्टी नकोत.

काही नियम :

१. उत्तर मोठ्याने म्हणता येईल इतकं लहान हवं. परिच्छेद नको.

२. नाम एकटं लिहू नका, उपपदासह ('दास किंट') लिहा. नुसतं 'किंट' पाठ केलं की सहा महिन्यांनी 'दास' वेगळं पाठ करावं लागतं.

३. जिथे नियम आहे तिथे घोकू नका. जर्मनमध्ये 'उंग', 'हाइट', 'काइट' शेवट असलेली नामं स्त्रीलिंगी, 'शेन' आणि 'लाइन' प्रत्ययांची लघुत्वदर्शक नामं नपुंसकलिंगी. असे पाच-सहा शेवट माहीत झाले की शेकडो नामांचं लिंग फुकटात मिळतं. अशी नामं लिंगासाठी कार्डात घालणं म्हणजे स्वतःला शिक्षा.

४. आठ वेळा विसरलं की अँकी त्या कार्डावर जळू म्हणून खूण करतं. जळूला आणखी रक्त पाजायचं नसतं. तीन पर्याय : वाक्य बदला, कार्ड फोडून दोन करा, किंवा काढून टाका. पाच हजारांच्या यादीतला एक शब्द गेला तर भाषा अडत नाही. खरोखर लागणारा असेल तर वाचनात पुन्हा भेटेल.

दुसऱ्याने केलेले तयार संच घेताना हेच तपासा. पहिली ३० कार्डं बघा. त्यात दहा ठिकाणी 'याचं उत्तर नक्की काय' असा प्रश्न पडला तर संच सोडा.

---

काना

एक छोटी भर. सारखे शब्द एकाच दिवशी घेऊ नयेत. पुस्तकांत रंग एका धड्यात, वार एका धड्यात, शरीराचे भाग एका धड्यात असतात. शिकवणाऱ्याला सोयीचं, लक्षात ठेवणाऱ्याला गैरसोयीचं. टिंकम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते पाठ व्हायला जास्त फेऱ्या लागल्या. डावा-उजवा, उघडणे-मिटणे, उसना घेणे-उसना देणे या जोड्या तर हमखास उलट्या बसतात. जोडीतला जास्त लागणारा शब्द आधी, तो पक्का झाला की दोन आठवड्यांनी दुसरा. धड्यात एकत्र आलेच असतील तर समजून घ्या सगळे, कार्डात मात्र रोज एकच घाला.

---

रटाळपंत

हे म्हणजे पाठ्यपुस्तकवाल्यांच्या पोटावर पाय.

---

तिसरी विभक्ती

क्रियापदांच्या आणि विभक्तींच्या रूपांबद्दल कुणी बोललं नाही अजून. खरी घोकंपट्टी तिथे.

'रामः रामौ रामाः' ज्यांनी तालात म्हटलंय त्यांना हे लगेच पटेल : तृतीयेचं बहुवचन विचारलं की माणूस मनात 'रामेण रामाभ्याम्' म्हणत 'रामैः'पर्यंत चालत जातो. तक्ता रांगेने पाठ झाला की आठवतोही रांगेनेच. बोलताना रांग नसते. त्यामुळे तक्ता म्हणून म्हणून येतो, वाक्यात मात्र फसतो, आणि 'इतकं घोकूनही येत नाही' ही निराशा पदरी पडते.

तक्ता एकदा समजून घ्यायला वापरा, सरावाला नको. सरावाला दोन फासे पुरतात. स्पॅनिशसारख्या भाषेत पुरुष तीन, वचनं दोन, म्हणजे रूपं सहा. फाशाच्या बाजूही सहा. पहिला फासा ठरवेल पुरुष आणि वचन, दुसरा ठरवेल सहा क्रियापदांतलं एक. कागदावर दोन्हींचे क्रमांक लिहून ठेवा. फासे टाका, पाच सेकंदांत रूप म्हणा आणि त्यात दोन शब्द जोडून वाक्य करा. वाक्य महत्त्वाचं, नाहीतर पुन्हा नुसता ताल सुरू होतो. जोड्या ३६ होतात. पाच मिनिटांत २५-३० टाकून होतात. तेवढंच करायचं. अडलेल्या जोडीपुढे टिंब द्या. तीन टिंबं झाली की तिचं कार्ड करा. बाकीच्यांची कार्डं करू नका.

आठवड्याने सहापैकी दोन क्रियापदं बदला. सगळी बदलली तर पहिले दोन दिवस रडत जातात, एकही बदललं नाही तर चौथ्या दिवसापासून झोप येते.

हीच युक्ती रशियनच्या सहा विभक्तींना तशीच लागू पडते. संस्कृतला संबोधन धरून आठ, तिथे चिठ्ठ्या करा.

---

मात्रावेलांटी

फासे आवडले. त्यात भर : वाक्य होकारार्थी की नकारार्थी हे नाणं उडवून ठरवा. जिथे नकाराने शब्दक्रम बदलतो तिथे हा फार चांगला सराव होतो.

---

ऐकीव

ऐकण्याच्या सरावाचा कंटाळा वेगळाच. तोच दीड मिनिटाचा उतारा वीसदा ऐकायचा म्हटलं की कान बंद होतात. उपाय असा की उतारा तोच ठेवायचा, काम बदलायचं. लांबी ६० ते ९० सेकंद, त्याहून मोठा नको. लेखी प्रत हवीच.

पहिल्यांदा प्रत न बघता दोनदा ऐका आणि विषय एका वाक्यात लिहा. दुसऱ्या दिवशी त्यातली पाच वाक्यं ऐकून लिहून काढा, प्रत्येक वाक्य तीनदाच ऐकायचं, चौथ्यांदा नाही. मग प्रत उघडा. आता खरं काम : प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर. 'न' म्हणजे शब्दच नवीन होता. 'ओ' म्हणजे शब्द माहीत होता, पण ओळखू आला नाही. 'जो' म्हणजे दोन शब्द जोडून बोलल्यामुळे सापडले नाहीत.

ही तीन अक्षरं मोजली की पुढचं ठरतं. 'न' जास्त असतील तर उताराच अवघड आहे, सोपा घ्या. 'ओ' आणि 'जो' जास्त असतील तर शब्दसंग्रह वाढवून काहीही होणार नाही. तिथे बोलणाऱ्याच्या मागोमाग म्हणण्याचा सराव लागतो. एक-दोन शब्दांचं अंतर ठेवून, प्रत बघत तीनदा, मग न बघता तीनदा. पहिल्या फेरीत अर्धं सुटतं, सुटू द्या; थांबून मागे जायचं नाही, पुढचा शब्द पकडायचा. आठवड्याने तोच उतारा प्रतीशिवाय ऐका आणि नवीन पाच वाक्यं लिहून बघा.

वेग कमी करून ऐकण्याच्या नादी फार लागू नये. वेग उतरवला तरी जोडलेले शब्द सुटे होत नाहीत, नुसते लांबतात. त्यापेक्षा वाक्यावाक्याला थांबवा.

---

घोकंबहाद्दर

जपानी लिपीवाल्यांसाठी काही? जोयो कांजी (रोजच्या वापरातली चिनी अक्षरं) २१३६ आहेत म्हणे. एकेक पन्नासदा लिहून लोक वह्या भरतात.

---

काना

वह्या भरतात आणि विसरतात. पहिल्या तीन-चार वेळा डोकं काम करतं, पुढे हात वरच्या ओळीतून उतरवतो. वहीचं पान भरल्याचं समाधान मिळतं तेवढंच.

कृती : बघा, भाग ओळखा (डावीकडचा कोणता, उजवीकडचा कोणता), झाका, आठवून लिहा, ताडून बघा. चुकलं तर चुकलेला भागच दुरुस्त करा. दहा मिनिटांनी एकदा, उद्या एकदा, चार दिवसांनी एकदा. चार-पाच वेळा लिहिलं, पण दरवेळी आठवून.

आठवून आणि बघून यातला फरक किती मोठा आहे हे कार्पिकी आणि रोडिगर यांच्या २००८च्या प्रयोगात दिसतं. ४० स्वाहिली शब्द, सगळ्यांना सगळे शब्द एकदा तरी आलेले. त्यापुढे ज्यांनी स्वतःची चाचणी घेणं चालू ठेवलं त्यांना आठवड्याने सुमारे ८०% आठवले. ज्यांनी आलेल्या शब्दांची चाचणी थांबवली त्यांना साधारण एकतृतीयांश, मग ते शब्द त्यांनी नंतर कितीही वेळा वाचलेले असोत. आणि शिकून संपवताना आठवड्याने किती आठवेल याचा अंदाज मात्र सगळ्या गटांचा सारखाच होता!

शिवाय सगळी कांजी हाताने लिहिता आलीच पाहिजेत का, हेही ठरवा. वाचायचं आणि टंकायचं एवढंच काम असेल तर ओळखता येणं पुरतं. रोजचं काम निम्म्याने उतरतं.

---

पायरीपायरीने

सवयीबद्दल. '२१ दिवसांत सवय लागते' हे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्याला आधार नाही. लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. तिथलंच आणखी एक निरीक्षण जास्त कामाचं : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे ॲपवरची सलग दिवसांची माळ हे दुधारी शस्त्र आहे. २०० दिवसांची माळ तुटली की पुष्कळ जण ॲपच काढून टाकतात. त्याआधीच दुसरा एक बिघाड सुरू झालेला असतो : माळ टिकवायची म्हणून रात्री पावणेबाराला सगळ्यांत सोपा धडा तिसऱ्यांदा करायचा. दिवस मोजला गेला, शिकलं काहीच नाही.

मोजायचंच तर आठवडा मोजा : सातपैकी पाच दिवस झाले की आठवडा पास. सलग दोन दिवस मात्र चुकवायचे नाहीत. आणि किमान मात्रा ठरवून ठेवा. तापाच्या दिवशीही जमेल इतकी : १० कार्डं किंवा एक फासेफेरी. किमान मात्रा झाली की त्या दिवसाला पूर्ण खूण, अर्धी नाही. अर्धी खूण दिली की माणूस किमान मात्रेला कमी लेखतो आणि मग तीही सोडतो.

वेळेपेक्षा घटनेला बांधा. 'रोज सात वाजता' पेक्षा 'दात घासून झाले की' हे जास्त टिकतं, कारण घड्याळाकडे लक्ष जाईलच असं नाही, दात मात्र घासलेच जातात.

अवांतर : स्वतःला बक्षिसं देण्याबद्दल जपून. १९७३ सालच्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांना आधी सांगून बक्षीस दिल्यावर नंतर मोकळ्या वेळेत ती चित्रांकडे कमी वळली. कंटाळवाण्या भागाला (कार्डं, रूपं) बक्षीस लावा हवं तर. जे वाचन आवडीने करताय त्याला लावू नका.

---

अनुस्वार

वा, भर पडतेय. चौथ्या तक्रारीवर, म्हणजे सगळं करूनही पुढे सरकल्यासारखं वाटत नाही यावर, कुणी लिहील का?

---

दशांश

लिहितो. ती भावना बऱ्याच अंशी खरी असते, म्हणूनच ती समजुतीने जात नाही.

कुठल्याही भाषेत थोडे शब्द फार वेळा येतात आणि फार शब्द क्वचित. इंग्रजीत सगळ्यांत जास्त येणारी पहिली हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) साधारण मजकुराचा तीन-चतुर्थांश भाग व्यापतात. दुसरी हजार त्यात काही टक्क्यांचीच भर घालतात, तिसरी त्याहून कमी. पॉल नेशन यांच्या २००६च्या हिशेबात मदतीशिवाय लेखी मजकूर वाचायला ९८% शब्द माहीत असावेत असं धरलं, तर इंग्रजीत ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. म्हणजे पहिल्या हजाराला जेवढे कष्ट, तेवढेच सहाव्या हजाराला, पण फळ पदरात पडतं चिमूटभर. मधल्या टप्प्यावर गती मंदावल्यासारखी वाटते ती यामुळे. शब्दांची एकूण संख्या हे माप इथे निरुपयोगी होतं.

माप बदला. महिन्यातून एकदा, एकाच प्रकारचा मजकूर घ्या (बातम्या तर बातम्या, कथा तर कथा, दरवेळी नवा उतारा). २०० शब्द मोजून खूण करा. कोश न बघता वाचा, अनोळखी शब्दांखाली रेघ, आणि वेळ नोंदवा. वहीत दोनच आकडे : दर शंभरात किती अनोळखी, आणि मिनिटाला किती शब्द वाचले. पहिला आकडा सहावरून चारावर यायला तीन-चार महिने लागू शकतात, पण वेग त्याआधी हलतो. तो हललेला दिसला की बसवतं.

हाच आकडा पुस्तक निवडायलाही वापरा. शंभरात दोनापर्यंत : आडवं पडून वाचण्याजोगं. तीन ते पाच : रोज एक पान, कोशासह. दहाच्या वर : मिटून ठेवा, कितीही आवडता लेखक असला तरी.

आणि ते '२२०० तास' वगैरे आकडे बघून हातपाय गाळू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे ते आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत. जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २२०० वर्गतास. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'ला, ने, त' मागे लागतात. जपानी-कोरियन वाक्यरचना आपल्याला तितकी परकी नाही. लिपीचं ओझं मात्र सगळ्यांना सारखं.

---

रटाळपंत

मग माझं जरा वेगळं मत. तीन हजार शब्द झाले की कार्डं बंदच करावीत. तिथून पुढचे शब्द क्वचित येणारे, प्रत्येकाच्या कामाचे वेगळे. तोच अर्धा तास वाचनाला दिला तर उजळणी आपोआप होते आणि कंटाळ्याचा प्रश्नच उरत नाही.

---

शब्दवेधी

@रटाळपंत, अर्धं मान्य. अडचण अशी की सहाव्या हजारातला शब्द वाचनात भेटून पुन्हा भेटेपर्यंत महिना लोटतो, तोवर पहिली ओळख पुसलेली असते. रोज तासभर वाचणाऱ्याचं भागेल, वीस मिनिटंवाल्याचं नाही. मधला मार्ग : तयार याद्या बंद, कार्ड फक्त वाचनात दुसऱ्यांदा अडलेल्या शब्दाचं, तेही त्याच वाक्यासकट. दिवसाला तीनच्या वर नाही.

---

रटाळपंत

तीनवर तडजोड मान्य. चार झाले की मी परत येईन.

---

घोकंबहाद्दर

प्रॅक्टिकल प्रश्न. ज्याची ९०० कार्डं आधीच थकली आहेत त्याने काय करायचं? सगळं पुसून पहिल्यापासून?

---

निमिष

पुसू नका. थकलेल्यांतली बरीच अजून आठवतात, आणि जी महिनाभर उशिरानेही आठवली ती पुढे लांब जातात. म्हणजे ढीग दिसतो त्याहून लहान असतो.

आधी नवीन कार्डं शून्य करा. ही पायरी लोक टाळतात आणि ढीग हलत नाही. मग रोजच्या उजळणीची मर्यादा १५० वर आणा (मुळात २०० असते). ॲप मग १५० चाच आकडा दाखवतं, ९०० डोळ्यांसमोर नाचत नाहीत. क्रम असा लावा की आठवण्याची शक्यता जास्त असलेली आधी येतील; ती भराभर निघतात.

हिशेब : रोज नव्याने १२० देय होत असतील आणि तुम्ही १५० करत असाल तर ढीग रोज ३० ने उतरतो, ९०० ला ३० दिवस. प्रत्यक्षात लवकर संपतो, कारण नवीन बंद केल्यावर ते १२० सुद्धा दर आठवड्याला घटत जातात. दीडशे एका दमात नको. ५०-५० चे तीन तुकडे दिवसात पसरा. ढीग संपला की नवीन कार्डं लगेच पूर्वीच्या आकड्यावर न्यायची नाहीत, ३ पासून सुरुवात.

---

ऐकीव

बोलण्याच्या सरावासाठी एक राहिलं. ४-३-२ नावाची पद्धत आहे : एकाच विषयावर चार मिनिटं बोला, मग तेच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. मूळ पद्धतीत दरवेळी ऐकणारा वेगळा असतो. एकट्याने करताना रेकॉर्डर लावा. विषय पूर्ण ओळखीचा हवा, कारण सराव नव्या शब्दांचा नाही, वेगाचा आहे. वेळ कमी झाल्याने पुनरावृत्ती असूनही डोकं जागं राहतं.

यातला धोका : पहिल्या फेरीतली चूक तीनदा घोटली जाते. म्हणून पहिली फेरी ऐकून एकच चूक निवडा, फक्त तेवढीच पुढच्या दोन फेऱ्यांत सांभाळा. पाच चुकांची यादी केली तर तोंडच उघडत नाही.

---

घोकंबहाद्दर

@तिसरी विभक्ती, फाशांत अनियमित क्रियापदं घालायची का? की आधी नियमित सहा?

---

तिसरी विभक्ती

मिसळा. चार नियमित, दोन अनियमित. अनियमित निवडताना सर्वांत जास्त वापरातली घ्या : असणे, जाणे, करणे यांसारखी. ती अनियमित असतात आणि बोलण्यात वारंवार येतात, त्यामुळे तिथे केलेला सराव दुसऱ्याच दिवशी वापरला जातो. सहाही अनियमित घेतलीत तर पहिल्या फेरीलाच तीसपैकी वीस टिंबं पडतील आणि फासे कपाटात जातील.